घराची राखण : उंबरठ्यावरचे तोडगे आणि भिंतीवरची जिवती

गृहस्थाश्रम हा इतर सर्व आश्रमांचा आधार आहे, असे आपले धर्मशास्त्र सांगते. संन्यासी, ब्रह्मचारी, अतिथी आणि भुकेला या सर्वांना घास मिळतो तो गृहस्थाच्या दारातून. म्हणूनच घर सुरक्षित असावे ही इच्छा स्वार्थाची मानलेली नाही. अथर्ववेदात घर उभारतानाचे एक सूक्त आहे. ही शाला खंबीर उभी राहो, तिच्यात गाई, घोडे, तूप आणि दूध यांची समृद्धी असो, संध्याकाळी वासरे व लहान मुले तिच्याकडे धावत येवोत, अशी प्रार्थना त्यात केलेली आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थाच्या मनात जे होते, तेच आज वरोऱ्याच्या एखाद्या वस्तीत नवे घर बांधून वास्तुशांतीची तिथी काढणाऱ्याच्या मनात असते. मुलांना आजार होऊ नये, चूल विझू नये, बाहेरचे अनिष्ट बाहेरच राहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

नागपूरहून वरोरा, भद्रावतीमार्गे चंद्रपूरच्या महाकालीकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना वाटेवरच्या प्रत्येक गावात या इच्छेच्या खुणा दारोदारी दिसतील. कुठे चौकटीला आंब्याच्या पानांचे तोरण असते, कुठे छताला लाल कापडात बांधलेला कोहळा टांगलेला असतो, तर कुठे दुकानाच्या दारात लिंबू-मिरची लोंबत असते. नागपंचमीला दाराशेजारच्या भिंतीवर नाग रेखाटले जातात आणि त्याच दिवशी भद्रावतीच्या भद्रनाग मंदिरात दर्शनाला मोठी गर्दी होते. पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या लावतात व दुसऱ्या दिवशी पहाटे इडापीडेला निरोप देत त्या गावाबाहेर नेऊन टाकतात. नागपूरची मारबत याच दिवशी निघते. पूर्वेकडे छत्तीसगडात आषाढ अमावस्येलाच हरेली म्हणतात. त्या दिवशी तेथील राऊत घरोघरी कडुनिंबाची डहाळी खोचतो आणि लोहार चौकटीला खिळा ठोकून जातो. झाडीपट्टी आणि छत्तीसगड यांच्यामध्ये जंगल एकच आहे, पाऊस एकच आहे आणि पावसाळ्यातील भयही एकच आहे. पेरणी झालेली असते, साप बाहेर पडलेले असतात, पाणी गढूळ झालेले असते आणि तापाची साथ दाराशी आलेली असते. नेमक्या याच दिवसांत घराच्या राखणीचे इतके विधी यावेत यात नवल नाही.

यांपैकी लिंबू-मिरचीचा तोडगा सर्वांत प्रचलित होय. दोऱ्यात एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या आणि खाली बिबा किंवा कोळसा ओवून तो शनिवारी दाराला टांगतात. त्यामागची लोकसमजूत मोठी अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी हिला आंबट-तिखटाची आवड. दारातच तिला तिचे खाद्य मिळाले की ती तृप्त होऊन परत फिरते आणि घरात शिरत नाही. येथे अलक्ष्मीला कोणी मारीत नाही, शिव्याशाप देत नाही. तिला जेवू घालून वाटेला लावले जाते. मात्र पुढच्या शनिवारी तेच वाळलेले लिंबू चौरस्त्यावर टाकून दिले जाते, हे कोणत्याही दृष्टीने योग्य नव्हे. आपल्या घरची पीडा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली टाकायची आणि स्वतः निश्चिंत व्हायचे, यात धर्म तो कोणता? ते परसातील झाडाच्या बुडाशी पुरावे. बिब्याच्या बाबतीत तर अधिक काळजी घ्यावी, कारण त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात आणि लहान मुलांच्या हाती तो लागला तर रक्षणासाठी केलेला तोडगाच इजेला कारण होतो.

हे झाले घरच्या घरी होणारे, दोन-चार रुपयांचे विधी. ते करणाऱ्याला त्यातून धीर मिळतो, कोणाचे काही बिघडत नाही आणि आजीच्या हातून नातीच्या हाती एक रीत जाते. परंतु घराच्या राखणीचा आणखी एक प्रकार समाजात आढळतो आणि भाविकांनी तो नीट ओळखला पाहिजे. घरात सतत आजारपण आहे, जनावर दगावले, मुलीचे लग्न जमत नाही, अशा वेळी कोणी मांत्रिक ‘घर बांधून देतो’ असे सांगत येतो. भारलेले नारळ, चार कोपऱ्यांत पुरायच्या खुंट्या, काळी बाहुली, तांब्याचे यंत्र असा त्याचा संभार असतो व त्याची किंमत गिऱ्हाईक पाहून ठरते. पैशांची हानी एक वेळ सोसता येईल. खरा अनर्थ त्यापुढचा आहे. घर कोणापासून बांधायचे, हे सांगितल्याशिवाय या मांत्रिकाची विद्या पुरी होत नाही. मग तो दिशा सांगतो. दिशा सांगितली की घर सापडते आणि घर सापडले की त्यात राहणारी एखादी वृद्धा, एखादी विधवा, एखादा एकटा माणूस सापडतो. सकाळपर्यंत जी शेजारीण होती, ती संध्याकाळी करणी करणारी ठरते.

आपल्या परंपरेतील घराचे राखणदार मात्र नेमके उलट्या वाटेने दाराशी आलेले आहेत. त्यांच्या कथा पाहाव्यात.

विदर्भातील जुन्या दगडी मंदिरांत गर्भगृहाच्या उंबरठ्यावर एक विक्राळ मुख कोरलेले असते. डोळे बटबटीत, जबडा उघडा, धड नाही. पुष्कळ यात्रेकरू ते ओलांडून जातात. काही जण हात लावून नमस्कार करतात, पण कोणाला करतो हे त्यांना ठाऊक नसते. हे कीर्तिमुख होय. पुराणकथा अशी की, जालंधराचा निरोप घेऊन राहू शंकरांकडे आला आणि त्याने पार्वतीची मागणी केली. शंकरांच्या क्रोधातून एक भयंकर, भुकेने व्याकूळ प्राणी प्रकट झाला व राहूला खाण्यास धावला. राहू शरण आला तेव्हा शंकरांनी त्याला सोडून देण्यास सांगितले. मग मी खाऊ काय, असे त्या प्राण्याने विचारले. स्वतःलाच खा, असे उत्तर मिळताच त्याने पायापासून स्वतःला खाण्यास आरंभ केला आणि केवळ मुख उरले. त्याची ती आज्ञाधारकता पाहून शंकर प्रसन्न झाले. तू माझ्या दाराशी राहा, तुला वंदन केल्यावाचून माझी कृपा होणार नाही, असा वर त्याला मिळाला. जे सर्व जगाला गिळावयास निघाले होते, ते देवाच्या उंबरठ्याचे राखणदार झाले.

वास्तुपुरुषाची कथाही याच धाटणीची आहे. अंधकासुराशी युद्ध करताना शंकरांच्या घामाचा थेंब भूमीवर पडला व त्यातून एक अक्राळविक्राळ भूत निर्माण झाले, असे मत्स्यपुराण सांगते. त्याची भूक भागेना. ते त्रैलोक्य गिळू लागले तेव्हा देवांनी त्याला पालथे पाडले आणि ज्या देवाने जो अवयव धरला, तो त्यावर बसून राहिला. परंतु देवांनी त्याला ठार केले नाही. घर बांधणारा प्रत्येक गृहस्थ तुला बळी देईल, तू त्याच्या वास्तूत राहा, असे आश्वासन त्याला मिळाले. वास्तुशांतीच्या दिवशी ज्याची पूजा होते आणि आग्नेय कोपऱ्यात ज्याची प्रतिमा पुरली जाते, तो हाच.

सर्वांत हृद्य कथा आहे जरेची. ती महाभारताच्या सभापर्वात आहे आणि प्रत्यक्ष श्रीकृष्णाने युधिष्ठिराला सांगितलेली आहे. मगधाचा राजा बृहद्रथ निपुत्रिक होता. चंडकौशिक ऋषींनी त्याला एक आंबा दिला. राजाला राण्या दोन. त्यांनी तो अर्धा अर्धा वाटून खाल्ला. यथाकाल दोघींच्या पोटी अर्धे अर्धे मूल जन्मले. एक डोळा, एक हात, एक पाय. भयभीत झालेल्या राण्यांनी ते तुकडे दाईंकरवी चौरस्त्यावर टाकून दिले. तेथे जरा नावाची राक्षसी आली. मांस खाऊन जगणारी, रात्री घरोघर फिरणारी. वाहून न्यायला सोपे जावे म्हणून तिने ते दोन तुकडे एकत्र धरले आणि काय आश्चर्य, ते सांधले गेले! मूल जिवंत झाले व मोठ्याने रडू लागले. आवाज ऐकून राजा आणि राण्या धावत आल्या. राक्षसीच्या मनात आले असते तर ती ते मूल घेऊन गेली असती. तिने ते राजाच्या हाती दिले. या राजाच्या राज्यात मी राहते, याच्या घरी मला मान मिळतो, मग याचे मूल मी कसे नेऊ, असा तिचा विचार होता. जरेने सांधला म्हणून त्या मुलाचे नाव जरासंध. पुढे तो मोठा जुलमी निघाला आणि भीमाच्या हातून मेला ही गोष्ट वेगळी. त्याचा दोष तिच्याकडे जात नाही. तिच्या नावाने राजाने मगधात उत्सव सुरू केला. आणि स्वतःविषयी तिने जे सांगितले, ते प्रत्येक गृहस्थाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. जो माझे चित्र मुलाबाळांसह आपल्या घराच्या भिंतीवर काढील, त्याच्या घरी वृद्धी होईल. जो काढणार नाही, त्याची हानी होईल, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे.

भिंतीवरचे ते चित्र आजही आपल्या घरांत आहे. आषाढ अमावस्येच्या सुमारास पूजासाहित्याच्या दुकानांत जो जिवतीचा कागद मिळतो, तो हाच. वरच्या बाजूला नरसिंह आणि कालियाच्या फण्यांवर उभा असलेला कृष्ण, मध्ये मुलांना कडेवर व मांडीवर घेतलेल्या जरा आणि जीवंतिका, तर खाली हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. पिवळसर कागदावर छापलेले हे चित्र म्हणजे महाराष्ट्रातील घराच्या राखणीचे सर्वांत जुने आणि शास्त्राचा आधार असलेले साधन म्हटले पाहिजे. नरसिंह त्यात का आहे? तो उंबरठ्याचा देव आहे. घरात नव्हे, बाहेर नव्हे, उंबरठ्यावर त्याने हिरण्यकशिपूचा वध केला व प्रल्हादाला राखले. कृष्ण का आहे? कालियाला त्याने मारले नाही. गरुडापासून अभय देऊन त्याला रमणक द्वीपाला पाठविले. आणि जरा का आहे, हे तर कथेनेच सांगितले. जिला कोणत्याही गावाने डाकीण म्हणून वेशीबाहेर घालविले असते, तिच्याच मांडीवर आपल्या पूर्वजांनी आपली मुले ठेवली.

याच चंद्रपूर जिल्ह्यात जिवती नावाचा तालुका आहे. नावाचा हा केवळ योगायोग असेल. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये, श्रावण महिन्यात, त्या तालुक्यातील वणी खुर्द या गावी जे घडले ते ऐकून कोणाही भाविकाची मान खाली जाईल. भानामती करतात या संशयावरून एका दलित वस्तीतील सात जणांना, त्यांत वृद्ध स्त्री-पुरुष होते, भर चौकात खांबांना बांधून मारहाण करण्यात आली. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयाने एक स्त्री व एक पुरुष यांना मारहाण करून जाळण्यात आले. मारणारे सर्व जण आपापल्या घराचे रक्षणच करीत होते, असे त्यांना वाटत होते. घर बांधण्याच्या विद्येचे शेवटचे टोक ते हेच.

डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली होती. हा कायदा पूजाअर्चेच्या विरुद्ध आहे असा गैरसमज अनेक वर्षे पसरविला गेला. वस्तुतः उपासना, यात्रा, परिक्रमा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना त्याने स्पष्टपणे वगळले आहे. जिवतीची पूजा, तोरण आणि वास्तुशांती यांच्याशी त्याचे काही भांडण नाही. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असे सांगून तिचे जगणे असह्य करणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून गंडेदोरे करणे हे या कायद्याने गुन्हे आहेत आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. गावात असे काही शिजत असल्याचे कळले तर पोलीस ठाण्यात कळविणे हे पाप नाही. एका घराची राखणच आहे ती.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी श्रद्धेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक देवांना भजतात, राजस यक्ष-राक्षसांना आणि तामस भूतप्रेतांना. येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. जरा राक्षसी आहे, मग जिवतीची पूजा राजस किंवा तामस ठरत नाही काय? उत्तर पूजा करणाऱ्याच्या अंतःकरणात शोधावे लागते, कारण श्रद्धा ज्याच्या त्याच्या वृत्तीनुसार असते असेही भगवंतांनी तेथेच म्हटले आहे. आई जिवतीपुढे उभी राहून मुलांचे आयुष्य मागते, तेव्हा तिच्या मनात कोणाचे वाईट नसते. मांत्रिकापुढे बसलेल्या माणसाच्या मनात मात्र एक नाव घोळत असते. समोर ठेवलेली मूर्ती देवाची असली, तरी मनात शेजाऱ्याचे नाव असेल तर ती उपासना तामसच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच भागात, चिमूरजवळच्या रामदिघीच्या अरण्यात तपश्चर्या केली. देवभक्तीचा एवढा मोठा प्रचारक, पण गावोगावच्या खंजिरी भजनांतून आणि ‘ग्रामगीते’तून त्यांनी बुवाबाजीवर व भुताखेतांच्या भयावर जे प्रहार केले, ते देव न मानणाऱ्यांनीही केले नसतील.

वरोऱ्यात येऊन आनंदवनाचा उल्लेख टाळता येत नाही, आणि तो येथे विषयाला सोडूनही नाही. कुष्ठरोग हा पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप किंवा कोणाची करणी समजला जात असे. घरात रोगी निघाला की घर ‘शुद्ध’ करण्यासाठी त्याला बाहेर काढीत. बाबा आमटे हे वरोऱ्यात वकिली करीत होते व नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला पडलेला, अंगात किडे झालेला कुष्ठरोगी त्यांनी पाहिला आणि स्वतःला निर्भय समजणारे बाबा भयाने तेथून निघून गेले. ते भयच त्यांना झोपू देईना. ते परत आले, त्या रोग्यावर छप्पर उभारले, त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सुरुवात सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर, दगडधोंड्यांच्या माळावर झाली. साधनाताईंचा संसार तेथेच, त्या झोपडीतच होता. आरंभी गावातले लोक तेथील भाजीपाला घेत नसत. काही वर्षांनी त्याच आवारात महाविद्यालय उभे राहिले आणि वरोऱ्यातील घरांतून मुले तेथे शिकावयास जाऊ लागली. ज्यांच्यापासून घरे बंद केली जात होती, त्यांनी बांधलेल्या भिंतींच्या आत गावाची मुले सुखरूप बसू लागली. जरेच्या कथेतला तो चौरस्ता आणि वरोऱ्याचा तो पावसातला रस्ता यांत फार अंतर नाही.

राहता राहिला रोजचा व्यवहार. भिंतीवर नाग रेखाटल्याने वा चौकटीला खिळा ठोकल्याने साप घरात यायचा थांबत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. घराभोवतीचा पालापाचोळा काढणे, लाकडे व गोवऱ्या भिंतीपासून दूर रचणे, जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून घेणे हे पावसाळ्यातील खरे बंदोबस्त होत. मण्यार रात्रीच्या वेळी झोपलेल्याला चावते व तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून झोपेत काही चावल्याचा संशय आला तरी थांबू नये. दंश झालेला अवयव न हलविता, चिरा न देता, रोग्याला तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस तेथे मिळते. देवाचा अंगारा वाटेतही लावता येतो.

जिवतीचे पूजन मात्र अवश्य करावे. कागद नवा आणावा, देवघराशेजारी किंवा दाराजवळच्या भिंतीवर लावावा. आघाडा आणि दूर्वा यांची माळ व कापसाचे वस्त्र वाहावे. फुटाणे आणि गूळ यांचा नैवेद्य पुरतो. श्रावणातील शुक्रवारी पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळावे. सुवासिनींना हळदीकुंकू देण्याची रीत आहे. त्या दिवशी शेजारच्या विधवा भगिनीलाही त्याच मानाने घरात बोलवावे, कारण कडेवर मूल घेऊन भिंतीवर बसलेल्या जरेच्या कपाळी कुंकू आहे की नाही, हे महाभारताने कोठेही विचारलेले नाही. वर्षभराने जुना कागद उतरविताना तो वाहत्या पाण्यात सोडू नये, कुंडीतील मातीत मिसळावा. आणि ज्या घरातील मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला अथवा परदेशी आहेत, तेथील आईने ओवाळून झाल्यावर हातात अक्षता घ्याव्यात, दाराबाहेर यावे आणि त्या चारी दिशांना टाकाव्यात. कोणत्या दिशेला आपले मूल आहे आणि कोणत्या दिशेला दुसऱ्याचे, हे त्या वेळी पाहायचे नसते.